वॉस्को काउंटी, ओरेगन : रजनीशपुरम सोडून बाकीचं सांगा

पायवाट
नमस्कार मंडळी. आम्ही पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहतो. जूनमध्ये आईबाबा पुण्याहून येतायत आणि बाबांची फोनवरची पहिली मागणी म्हणजे मला ते रजनीशपुरम (ओशो रजनीशांच्या शिष्यांनी वसवलेलं शहर) दाखव. बाबा सत्तरच्या दशकात कोरेगाव पार्काच्या बाजूला नोकरीला होते, रोज सायकलवरून जाताना भगव्या कफन्यांतले गोरे लोक दिसायचे, आणि १९८१ मध्ये सगळं गाशा गुंडाळून अमेरिकेला गेलं म्हटल्यावर नेमकं गेलं कुठे हे कुतूहल त्यांच्या मनात चाळीस वर्षं तसंच राहिलंय.

तर मी वाचायला बसलो. ती जागा वॉस्को काउंटीत येते (थोडी शेजारच्या जेफरसन काउंटीतही). आता तिथे ख्रिस्ती युवकांचं शिबिर चालतं, खाजगी जागा आहे, असंच उठून आत जाता येत नाही. पण वाचता वाचता माझं लक्ष काउंटीवरच गेलं. १८५४ मध्ये स्थापन झालेली काउंटी आणि आपण तिला ओळखतो ते चार वर्षांवरून. १९८१ ते १९८५. त्याआधी आणि त्यानंतर तिथले लोक काय करत होते? माझं स्पष्ट मत आहे की आपण मराठी लोकांनी ती चार वर्षं चघळून चघळून बाकीचं सगळं झाकून टाकलंय.

कुणी तिथे राहिलंय का? फिरलंय का? दोन दिवस आहेत हातात, बाबा पंच्याहत्तरीचे आहेत पण चालतात.

गोंयकार_निशांत
शीर्षक अर्धंच दिसलं, मला वाटलं आमच्या वास्कोबद्दल धागा आहे, मासळी मार्केटची माहिती द्यायला धावत आलो :) आता आलोच आहे तर बसतो.

पायवाट
बसा बसा. आणि वास्को द गामाचा काही संबंध नाही हो. वॉस्को ही कोलंबिया नदीकाठची मूळ जमात. नावाचा अर्थ वाटी किंवा पेला, शिंगापासून कोरलेली छोटी वाटी.

चेरीची_बाग
अखेर कुणीतरी आमच्या काउंटीबद्दल विचारलं! मी द डॅल्समध्ये राहते, चौदा वर्षं झाली. द डॅल्स हे काउंटीचं मुख्य गाव, लोकवस्ती सोळा हजारांच्या आसपास, आणि अख्ख्या काउंटीत २०२० च्या जनगणनेत २६ हजार ६७०. म्हणजे कोथरूडच्या चारपाच मोठ्या सोसायट्या धरा आणि त्या ६,२०० चौरस किलोमीटरवर पसरून द्या.

नाव फ्रेंच आहे. फरचा व्यापार करणारे फ्रेंच नावाडी इथल्या सपाट कातळांना आणि त्यातून घुसणाऱ्या पाण्याला डाल म्हणायचे, म्हणजे फरशी. सांगायचा मुद्दा हा की इथे प्रत्येक नावामागे नदी किंवा दगड असतो.

जूनमध्ये येताय तर नशीबवान आहात, चेरी असते. गोड चेरी, काळपट लाल, पहिली दोन वर्षं मी जांभूळ समजून कौतुक करायचे इतका गडद रंग. पावसाची एक सर आली की सगळ्यांचे जीव टांगणीला, कारण फळावर पाणी साठलं की साल तडकते आणि तडकलेली चेरी कुणी घेत नाही. मग बागेवरून हेलिकॉप्टर खालून उडवतात, पंख्याच्या वाऱ्याने झाडं वाळवायला. पहिल्यांदा पहाटे चार वाजता तो आवाज ऐकला तेव्हा मी घाबरून उठले होते, शेजारच्या आजी म्हणाल्या झोप, चेरी सुकवतायत. तोडणी करणारी बहुतेक कुटुंबं मेक्सिकन, काही दर वर्षी कॅलिफोर्नियातून वर येतात, काही पिढ्यान् पिढ्या इथलीच झालीत. मुलांच्या वर्गात निम्मी पोरं घरी स्पॅनिश बोलतात.

दक्षिणेकडे निघालात की बागा संपतात आणि गहू सुरू. डफर नावाचं गाव लागेल. तिथे ऑगस्टमध्ये मळणीचा उत्सव असतो, घोडे जुंपून आणि जुन्या वाफेच्या इंजिनांवर खरी मळणी करतात. तुमची वेळ चुकते पण बाबांना सांगा, पुढच्या खेपेला ऑगस्ट धरा. बाकीचं रात्री लिहिते.

नकाशावेडा
एक गंमत सांगू का. १८५४ मध्ये वॉस्को काउंटी बनली तेव्हा ती कॅस्केड डोंगररांगेपासून थेट रॉकीजच्या माथ्यापर्यंत होती, १ लाख ३० हजार चौरस मैल. म्हणजे तीन लाख छत्तीस हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र तीन लाख आठ हजाराच्या आत आहे. म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठी एक काउंटी आणि कोर्ट कुठे, तर द डॅल्समध्ये! अमेरिकेत इतकी मोठी काउंटी दुसरी कधी झालीच नाही. पुढे तिचे तुकडे पडत पडत आयडाहो, मोंटाना, वायोमिंगकडे भाग गेले आणि ओरेगनमध्येच कितीतरी काउंट्या निघाल्या. १८५९ चं पहिलं कोर्टाचं लाकडी घर अजून जपून ठेवलंय, बघण्यासारखं आहे.

शिरीष_कॅम्प_पुणे
पायवाट, हेतू चांगला आहे पण पूर्ण सहमत नाही. ती चार वर्षं "चघळलेली" नाहीत, ती त्या लोकांच्या अंगावरून गेलेली आहेत. बाबांना घेऊन जाताय तर नीट माहीत असू द्या.

१९८१ च्या जुलैमध्ये रजनीशांच्या लोकांनी ५७ लाख ५० हजार डॉलरला बिग मडी रँच विकत घेतलं, ६४ हजार एकर. ओरेगनचा जमीन वापराचा कायदा अतिशय कडक, शेतजमिनीवर शहर बांधता येत नाही. तरी मे १९८२ मध्ये शहर जाहीर केलं. त्यावरून खटला चालू असतानाच शेजारच्या अँटिलोपकडे मोर्चा वळला, चाळीसएक माणसांचं गाव, बहुतेक निवृत्त पशुपालक. तिथे घरं घेतली, मतदार झाले, नगर परिषद ताब्यात घेतली आणि पुढे गावाचं नावच बदलून रजनीश ठेवलं. मग १९८४ मध्ये काउंटीच्या निवडणुकीवर नजर गेली. तीन जणांचं मंडळ काउंटी चालवतं, दोन जागा हाती आल्या की काम झालं. म्हणून देशभरातून बेघर माणसं बसमध्ये भरून आणली मतदार करायला. आणि मतदानाच्या दिवशी द डॅल्सचे लोक घरी पडून राहावेत म्हणून आधी तालीम केली, दहा हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू टाकला. ७५१ माणसं आजारी पडली, ४५ जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. कुणी दगावलं नाही ही कृपा.

हे बाजूला ठेवून काउंटीचा इतिहास कसा सांगणार?

मोकळा_श्वास
शिरीषजी, तुम्ही म्हणता ते सगळं कोर्टात सिद्ध झालंय, त्याबद्दल वादच नाही. पण तो कट रजनीशांची सचिव शीला आणि तिच्याभोवतीच्या मूठभर लोकांचा. तिथे हजारो माणसं राहात होती आणि बहुसंख्यांना याचा पत्ताही नव्हता. माझी मावशी १९८३ च्या उन्हाळी उत्सवाला गेली होती. ती सांगते, मेंढ्यांनी चरून चरून टक्कल पडलेली जमीन होती, त्यावर या लोकांनी ओढ्यांना बांध घातले, झाडं लावली, भाजीपाला पिकवला, बारा बारा तास राबले. तेही त्या काउंटीतच घडलं ना.

शिरीष_कॅम्प_पुणे
राबले, मान्य. पण शेजाऱ्याच्या घराकडे रात्रंदिवस कॅमेरे आणि टॉर्च रोखून ठेवून राबलेलं मला पटत नाही. ज्या म्हातारीने आयुष्यभर एका गावात काढलं तिला सकाळी उठून कळतं की गावाचं नाव बदललं. मावशींबद्दल आदरच आहे.

मोकळा_श्वास
त्या म्हातारीबद्दल माझंही तेच म्हणणं आहे. मावशीसुद्धा म्हणते, आम्ही कधी अँटिलोपच्या लोकांशी दोन वाक्यं बोललोच नाही, ते चुकलं.

चेरीची_बाग
रात्री लिहिते म्हटलं होतं, आले. वरचा वाद वाचला.

मी इथे आले तेव्हा मलाही पहिला प्रश्न हाच विचारला गेला, तुम्ही पुण्याच्या का? कुणी वाईट बोललं नाही. पण साठीच्या पुढच्या माणसांना पुणे हा शब्द माहीत असतो याचं मला विलक्षण वाटलं. चर्चच्या जेवणात एका काकांनी सांगितलं की १९८४ च्या त्या सप्टेंबरात, विषबाधेच्या वेळी, ते, बायको आणि दोन्ही मुलं एकाच वेळी अंथरुणात होते, आणि खरा राग त्यांना याचा होता की सुरुवातीला तपासणाऱ्यांनी हॉटेलातल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांवर खापर फोडलं. वर्षभर ती पोरं आणि ते हॉटेलवाले बोलणी खात होते. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला पळाली आणि नंतर रँचवरच्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला तेव्हा कुठे त्यांची नावं धुवून निघाली. विष घालणारे तुरुंगात गेले हे सगळे सांगतात, त्या वाढप्यांचं कुणी सांगत नाही.

आणि अजून एक. बसमधून आणलेली ती बेघर माणसं, त्यांचं नाव नोंदवणं काउंटीने थांबवलं, मग ती कम्यूनच्या उपयोगाची उरली नाहीत आणि त्यातली कितीतरी आजूबाजूच्या गावांत नुसती सोडून दिली, तिकिटाचे पैसेही न देता. तोंडावर थंडी. त्यांना घरी जायचं तिकीट काढून द्यायला चर्च आणि सेवाभावी संस्थांनी पैसे उभे केले. ज्यांच्या विरोधात मत द्यायला आणलं त्यांनीच परत पाठवायची सोय केली. मला इथल्या लोकांबद्दल जे वाटतं ते या एका गोष्टीत आलं.

गोंयकार_निशांत
हे माहीतच नव्हतं. मासळीसाठी आलो आणि इथेच अडकलो.

नदीघोष
मासळीचं म्हणताय तर सलायलोबद्दल लिहायलाच हवं, वरती कुणीच काढलं नाही.

द डॅल्सच्या वर दहाबारा मैलांवर कोलंबिया नदीला धबधबा होता, सलायलो फॉल्स. उंचीने फार नाही पण अख्खी कोलंबिया तिथे कातळांच्या फटींतून कोसळायची. हजारो वर्षं माणसं तिथे सामन मासे पकडत होती, लाकडी मचाण पाण्यावर बांधून, लांब दांड्याच्या जाळ्याने, कमरेला दोरी बांधून. आणि नुसती मासेमारी नव्हे तर बाजारपेठ, समुद्राकाठचे शिंपले आणि पठारावरचे घोडे आणि कातडी तिथे येऊन अदलाबदल व्हायची. सुकवून कुटलेला सामन टोपल्यांत भरून दूरदूर जायचा.

१८५५ च्या करारात वॉस्को आणि वॉर्म स्प्रिंग्ज लोकांनी सुमारे एक कोटी एकर जमीन सोडली, पण एक गोष्ट सोडली नाही, नेहमीच्या जागी मासे पकडायचा हक्क. तो कागदावर आहे. आणि १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केले आणि काही तासांत धबधबा गेला. लोक काठावर उभे राहून बघत होते. चार जमातींना मिळून २ कोटी ६८ लाख डॉलर दिले. हक्क अजून कागदावर आहे, जागा पाण्याखाली.

२००८ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी सोनारने तळ तपासला, कातळ जसेच्या तसे आहेत, फोडलेले नाहीत. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

सलायलो गाव अजून आहे, हायवेच्या कडेला, लाकडी लाँगहाउस (सगळ्यांनी जमायचं लांबट घर) आहे, वसंतात पहिल्या सामनचं जेवण होतं. पायवाट, तिथे गेलात तर फोटो काढायला धावू नका, लोकांची घरं आहेत.

पळसदेवकर
आमचं जुनं गाव उजनीत गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर येतो आणि आम्ही बघायला जातो. यांचं तर पाणी उतरतही नाही. नदीघोष, लिहिल्याबद्दल आभार.

नकाशावेडा
नदीघोष यांच्या मजकुरात भर. वॉस्कोंची भाषा किक्श्ट. जन्मापासून ती बोलणारी शेवटची व्यक्ती २०१२ मध्ये गेली. वॉर्म स्प्रिंग्जला शिकवायचे प्रयत्न चालू आहेत. काउंटीला नाव ज्या लोकांचं, त्यांना तिच्या मुख्य गावापासून उचलून दक्षिणेला आरक्षित प्रदेशात पाठवलं. शिरीषजी अँटिलोपचं नाव बदलल्याबद्दल लिहितात ते बरोबरच आहे, पण त्याच जमिनीवर सव्वाशे वर्षं आधी असंच काहीतरी जास्त मोठ्या प्रमाणावर झालं होतं आणि ते करणारे तिथल्या आजच्या शेतकऱ्यांचे पणजोबा.

शिरीष_कॅम्प_पुणे
हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मानलं.

क्लाउड_आणि_पाऊस
मी सिएटलला असतो, कामानिमित्त द डॅल्सला दोनदा गेलोय. २००६ पासून गुगलचं डेटा सेंटर आहे तिथे, नदीच्या काठी. कारण सरळ, धरणाची स्वस्त वीज आणि नदीचं पाणी. त्याआधी त्याच विजेवर तिथे ॲल्युमिनियमचा कारखाना चालायचा, तो २००० च्या सुमारास थंडावला आणि कितीतरी घरांची रोजी गेली.

पाण्यावरून मोठा वाद झाला. डेटा सेंटर किती पाणी वापरतं हा आकडा पोर्टलंडच्या वर्तमानपत्राने मागितला तर शहराने व्यापारी गुपित म्हणून नाही सांगितलं आणि वर्तमानपत्रालाच कोर्टात खेचलं. वर्षभराने, २०२२ च्या शेवटी, माघार घेऊन आकडा दिला. २०२१ मध्ये साडेपस्तीस कोटी गॅलन, शहराच्या एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त.

म्हणजे बघा, नदीघोष यांचा धबधबा गेला तो विजेसाठी आणि त्या विजेवर आपण हा धागा वाचतोय असंही असेल.

चेरीची_बाग
क्लाउड, आकडा बरोबर आहे. पण दुसरी बाजूही सांगते, शाळेला आणि गावाला त्या कंपनीकडून पैसा आला आहे, माझ्या ओळखीची चार घरं त्यावर चालतात. बागायतदारांना मात्र पाण्याची धास्ती वाटते. मी दोन्हीकडच्या जेवणाला जाते आणि दोन्हीकडे तोच विषय.

आता मला २०१८ ची आग लिहायचीच आहे. जुलैत, गहू अगदी कापायला आलेला असताना द डॅल्सजवळ आग लागली आणि वाऱ्याबरोबर पूर्वेला पळाली, पलीकडच्या शर्मन काउंटीतही, सुमारे ७८ हजार एकरांवर. गव्हाचं उभं पीक म्हणजे बारूदच. इथे पगारी अग्निशमन दल नावापुरतं, बाकी शेतकरीच. ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरला डिस्क जोडून आगीच्या पुढे जमीन नांगरून काळा पट्टा करायचा म्हणजे आग तिथे थांबते. स्वतःचं शेत जळत असताना माणसं शेजाऱ्याच्या शेतापुढे पट्टा मारत होती. एक शेतकरी असाच पट्टा मारता मारता गेला. त्याचं पीक पुढे शेजाऱ्यांनी मिळून कापलं. आमच्या गावात त्या आठवड्यात कुणी कुणाला "काही मदत हवी का" असं विचारलंच नाही, सरळ पाण्याची टाकी घेऊन दारात उभे.

पायवाट
चेरीताई, नदीघोष, सगळ्यांचेच आभार. मार्ग असा ठरवतोय, द डॅल्स, डफर, टाय व्हॅली, मॉपिन, तिथून शॅनिको आणि अँटिलोप. बरोबर आहे का?

नकाशावेडा
उत्तम. मॉपिनहून शॅनिकोला बेकओव्हन रोडने जा. नावाची गोष्ट अशी सांगतात की १८६२ च्या सुमारास एक व्यापारी पिठाची पोती घेऊन सोन्याच्या खाणींकडे निघाला होता, वाटेत घोडे गेले, मग त्याने तिथेच मातीची भट्टी घातली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना पाव विकायला लागला. शॅनिको म्हणजे १९०० मध्ये रेल्वे आली तेव्हा लोकरीची राजधानी. १९११ मध्ये दुसरी रेल्वे डेशूट्स नदीच्या काठाने गेली आणि गाव ओस पडलं. आता तीसचाळीस माणसं.

गोंयकार_निशांत
शॅनिकोला शनीची दशा लागली म्हणायची.

नकाशावेडा
आणि थोडं खाली गेलात तर मद्रास आहे. खरंच. मद्रासहून आलेल्या कापडाच्या ताग्यावरून नाव पडलं असं सांगतात.

चेरीची_बाग
पेट्रोल मॉपिनलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. मोबाइलला रेंजही नसते. बाबांसाठी टोपी आणि भरपूर पाणी, ओरेगन म्हटलं की हिरवं डोळ्यासमोर येतं पण माउंट हूड ओलांडलात की सगळं कोरडं, सातारा-माण बाजूसारखं.

पायवाट
तीन आठवड्यांनी परत लिहितोय. जाऊन आलो.

द डॅल्सला चेरीताईंकडे जेवलो, त्यांनी चेरीचं लोणचं घातलं होतं, मोहरी-मेथी घालून, आईने पाककृती वहीत लिहून घेतली. सलायलोला गाडी थांबवली आणि फक्त उभे राहिलो. पाणी अगदी संथ आहे, तळ्यासारखं. बाबा म्हणाले, आवाज नाही. तेवढंच.

अँटिलोपला पोचलो तेव्हा दुपारचे दोन, रस्त्यावर कुत्रंही नाही. दोन रस्ते, पोस्ट, चर्च, शाळेची जुनी इमारत, पॉप्लरची झाडं. पोस्टाजवळ झेंड्याचा खांब आहे आणि त्याखाली पाटी, आक्रमणाच्या काळात जे गावात राहिले आणि ज्यांनी विरोध केला त्यांच्या आठवणीत. बाबांनी ती पाटी दोनदा वाचली. रँचकडे जायचा रस्ता दाखवला तर म्हणाले, नको, इथपर्यंत बास.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या, ऐंशीच्या असाव्यात. कुठून आलात विचारलं. मी हिल्सबरो सांगत होतो तोवर बाबा म्हणून गेले, पुणे. मला धस्स झालं. त्या क्षणभर थांबल्या, मग आम्हाला ओसरीवर बसवून पाणी दिलं. बाबांनी जमेल तशा इंग्रजीत सांगितलं की मी तिथला कुणी नव्हतो, फक्त रोज बाहेरून सायकलवर जायचो. त्या म्हणाल्या, मीही इथे तशीच होते, बाहेरून बघणारी.

मग त्यांनी विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? एक वर्ष माझ्या गावाचं नाव होतं ते. बाबांनी फोड करून सांगितली, रजनी म्हणजे रात्र, ईश म्हणजे स्वामी, रात्रीचा स्वामी म्हणजे चंद्र. त्यांनी तो शब्द दोनतीनदा बरोबर उच्चारून बघितला. म्हणाल्या, आम्हाला कुणी सांगितलंच नाही कधी.

मोकळा_श्वास, तुमच्या मावशींना हे नक्की सांगा.

मोकळा_श्वास
सांगितलं. फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली त्या बाईंचा पत्ता मिळेल का. मी म्हटलं तो असा देता येत नाही.

पायवाट
पत्ता नाही देता येणार, पण मावशींनी चिठ्ठी लिहिली तर मी सप्टेंबरात परत जातोय, हाती नेऊन देईन.

शिरीष_कॅम्प_पुणे
मावशींनी जरूर लिहावं.

गोंयकार_निशांत
चेरीच्या लोणच्याची कृती टाका हो कुणीतरी.

चेरीची_बाग
वेगळा धागा काढते. बिया काढायला वेळ लागतो एवढं आधीच सांगून ठेवते.